भादव्यातली बांग

इंझोरीपासून मानोऱ्याच्या अंगानं दोन कोस गेलं की सागदरा लागायचं. पंचवीस-तीस घरांची वाडी, वाडीखाली नाला, नाल्याच्या अलीकडं पुंजाजी माळ्याची भाजीची बाग आणि पलीकडं सरळ जंगल. साग, धावडा, मोहा, बांबूची बेटं आणि खाली घाणेरीची अशी गर्दी, की आत शिरलेलं कुत्रं कुठून बाहेर येईल ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. या जंगलात रानकोंबडे होते, आणि पुंजाजीला ते आपल्या वांग्या-दोडक्यांइतकेच ठाऊक होते. खरं बोलायचं तर थोडे जास्तच.

त्याची बायको प्रयागबाई म्हणायची, "ह्या मानसाले घरात मिठाचं मडकं कुठं हाय ते मालूम नाई, पन कोनता कोंबडा कोन्या झाडावर झोपते ते मालूम हाय." त्यात खोटं काही नव्हतं.

सागदऱ्यात रानकोंबड्याची बांग सगळ्यांनी ऐकली होती, कोंबडा पाहिलेली माणसं मात्र दोन-चारच. इतका भित्रा जीव दुसरा नाही. पाचोळ्यात पाऊल वाजलं की तो उडतसुद्धा नाही. मान खाली घालून पळत सुटतो, आणि आपण बघावं तर घाणेरीची एक फांदी तेवढी हलत असते. पण दिसलाच, तर माणूस बघत राहतो. अंगावर करड्या-पांढऱ्या बारीक रेघा, पाय तांबडे, शेपटीची लांब पिसं काळी-निळी आणि विळ्यासारखी वाकलेली. गळ्याभोवतीच्या प्रत्येक पिसावर पिवळा चकचकीत ठिपका, मेणाचा थेंब पडून वाळावा तसा. एवढे दागिने घालून लपत फिरणारा प्राणी देवानं कशाला केला असेल, हे पुंजाजीला साठ वर्षांत समजलं नव्हतं.

बाकी सगळं समजलं होतं. दिवाळी झाली की कोंबडे बोलायला लागतात. माघ-फाल्गुनात तर पहाटे एकानं बांग दिली की टेकडीवरचा दुसरा, मग नाल्याकडचा तिसरा, असे आपापल्या हद्दीतून एकमेकांना दटावतात. उन्हाळ्यात कोंबडी पाचोळा उकरून चार-पाच अंडी घालते. आणि पाऊस लागला की कोंबड्याच्या गळ्याची पिसं झडतात. ते ठिपके जातात, मानेवर आखूड काळपट पिसं राहतात, आणि कोंबडा मुका होतो. आखाडात नाही, श्रावणात नाही, भादव्यात तर नाहीच. "दागिने उतरले त्याचे," पुंजाजी म्हणायचा. "आता तो कोनाले तोंड दाखवत नाई अन् आवाज बी देत नाई."

पुंजाजी तोंडापुढं ओंजळ धरून रानकोंबड्याची बांग द्यायचा. कुक, काया-काया, कुक. अशी की त्या हद्दीतला कोंबडा भांडायला म्हणून धावत दहा पावलांवर यायचा. ही विद्या त्यानं दोघांना दिली. एक दौलतराव देशमुख. बागेची जमीन देशमुखांची, त्यांना शिकारीचा शौक, त्यांनी म्हटलं शिकव, आणि पुंजाजीनं शिकवलं. झाडं, वाटा, कोणत्या महिन्यात कोंबडा बोलतो, कोणत्या महिन्यात बोलत नाही, लपणीत दोन-दोन तास न हलता कसं बसायचं, सगळं. देशमुखांनी सगळं उचललं. बसणं तर असं उचललं की पुंजाजीही थक्क झाला. फक्त बांग काही त्यांना आली नाही. त्यांच्या तोंडून निघायचा तो आवाज म्हणजे कल्हईवाल्यानं हंडा घासावा तसा.

दुसरा पुंजाजीचा मुलगा चंपत. त्याला मुद्दाम कुणी शिकवलंच नाही. सात वर्षांचा असताना एक दिवस त्यानं बांधावरून बांग दिली, आणि पुंजाजी हातातलं खुरपं टाकून जंगलाकडं बघत राहिला. खरा कोंबडा बांग संपल्यावर अगदी हळू, गळ्यातल्या गळ्यात, दोनदा कुक-कुक करतो. ते पुंजाजीला जन्मात जमलं नव्हतं, पोराला जमलं. तेव्हापासून मानोऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडता मांडता पुंजाजी ज्याला त्याला सांगायचा, "माह्या पोराच्या आवाजाले कोंबडा फसते, कोंबडी फसते, अन् मी बी फसतो." बापानं असं बोलू नये म्हणतात. पण न बोलता कोणता बाप राहतो?

चंपतचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बायको अंजना पोहरादेवीकडची. चंपत नाल्यापलीकडं गवत-काड्या आणायला गेला की दुपारी भूक लागल्यावर तिकडून बांग द्यायचा, आणि अंजना बागेतून तशीच बांग देऊन भाकरी घेऊन निघायची. त्यानंच तिला शिकवलं होतं. पुंजाजी अशा वेळी वांग्यांच्या ओळीत खाली वाकायचा आणि ऐकू न आल्यासारखं करायचा. सासऱ्यानं आणखी काय करावं? एकदाच तो मुलाला म्हणाला होता, "पावसाच्या दिवसात तरी देत जाऊ नको बावा. जंगल हासते तुले." चंपत म्हणाला, "हासू द्या न बा. मले भूक तं बारा महिने लागते."

त्या वर्षी माघात देशमुखांकडं अकोल्याचे पाहुणे आले, दोन वकील आणि एक व्याही. देशमुख त्यांना जंगलात घेऊन गेले आणि पुंजाजीला बरोबर न घेता स्वतःच बांग द्यायला बसले. दोन-तीनदा हंडा घासला गेला, आणि आश्चर्य म्हणजे घाणेरीतून उत्तर आलं. देशमुखांचा चेहरा फुलला. पाहुण्यांना बोटानं गप्प राहायला सांगून ते बंदूक घेऊन रांगत निघाले. त्यांनी बांग द्यावी, उत्तर दहा पावलं मागं सरकावं, असं अर्धा तास चाललं. गुडघे फुटले, रेशमी रुमाल काट्यात अडकून राहिला. शेवटी झुडूप बाजूला सारलं तर आत चंपत बसलेला, बिडी ओढत.

"राम राम मालक," तो म्हणाला. "चांगले रांगता तुमी."

मागून आलेले पाहुणे हसून हसून खाली बसले. देशमुखही हसले. त्यांनी चंपतच्या पाठीवर थाप मारली, खिशातलं बिडीचं बंडल त्याला दिलं, आणि ती गोष्ट गावात स्वतःच सांगत फिरले. पुंजाजीच्या पोटातली भीती त्यामुळं गेली. जायला नको होती. लपणीत बसायला आपण कुणाला शिकवलं, हे तो विसरला.

देशमुख सात महिने बसले.

पोळा होऊन पाच दिवस झाले होते आणि महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. सोळा भाज्यांचा नैवेद्य घरोघरी लागायचा, म्हणून पुंजाजी आणि प्रयागबाई सकाळीच टोपल्या घेऊन इंझोरीला गेली होती. दोडक्याचा मांडव पावसानं बसला होता. चंपत बांबू तोडायला नाल्यापलीकडं गेला. दुपारी त्यानं बांग दिली. अंजनानं उत्तर दिलं, भाकरीवर ठेचा ठेवला, आणि ती नाल्यात पाय टाकते तेवढ्यात बार झाला.

छर्रे चंपतच्या तोंडावर आणि गळ्यावर लागले होते. अंजनाला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. देशमुखच काठावर आडवे उभे राहिले आणि "पोरी, पाहू नको" म्हणाले. नंतर घरी आणला तेव्हाही तोंड बांधलेलंच होतं. देशमुखांच्या डोळ्यांत पाणी होतं असं लोक सांगतात. असेल. डोळ्यात पाणी कशानंही येतं.

तालुक्याहून फौजदार मदनसिंग आले. देशमुख त्यांना म्हणाले, "साहेब, कोंबड्याची बांग ऐकली, झुडूप हललं, बार टाकला. या पोरानं मला आधीही असंच फसवलं होतं. साऱ्या गावाला माहीत आहे." गावानं मान डोलावली. तीच गोष्ट देशमुखांनी गावाला सात महिने ऐकवली होती.

फौजदारांनी पुंजाजीला विचारलं, "तुझ्या पोराचा आवाज खरंच इतका हुबेहूब होता?"

पुंजाजीच्या पुढ्यात मुलगा चादरीखाली झाकलेला होता. त्याला वाटलं, आता निदान याबद्दल तरी कमी सांगू नये. तो म्हणाला, "कोंबडा फसते साहेब, कोंबडी फसते, अन् मी बी फसतो." ते कागदावर उतरलं आणि खाली त्याचा अंगठा लागला.

घरी प्रयागबाई त्याला एकच वाक्य बोलली, "तुमीच शिकवलं." त्यानंतर ती बोललीच नाही. अंजना बागेतल्या झोपडीच्या दारात बसून राहायची. रडायची नाही, त्यामुळं बायकांना तिची भीती वाटायची.

दहाव्या दिवशी नाल्याच्या काठी न्हावी पुंजाजीचं डोकं भादरत होता. पांढरे केस मांडीवर पडत होते. त्यातले मूठभर हातात घेऊन पुंजाजी बघत बसला, आणि बघता बघता त्याला कोंबड्याची झडलेली मान आठवली. भादव्यात कोंबडा बोलत नाही. सागदऱ्यात हे तीन माणसांना पक्कं ठाऊक होतं. त्यातलं एक जळून गेलं होतं, एकाचं डोकं न्हाव्याच्या हातात होतं, आणि तिसऱ्यानं भादव्यातली बांग कोंबड्याची समजून बार टाकला म्हणून सांगितलं होतं. न्हावी म्हणाला, "हालू नका." पुंजाजी अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो चालत तालुक्याला गेला. मदनसिंग फौजदार माणूस वाईट नव्हता. तितर-ससे मारायचा त्यांनाही नाद होता, त्यामुळं त्यांनी पुंजाजीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं म्हणणं, भादव्यात आवाज आला तर तो माणसाचाच?"

"मानसाचाच, साहेब."

"आणि हे देशमुखाला ठाऊक आहे?"

"मीच तं शिकवलं त्याइले. ईस साल झाले."

फौजदारांनी मिशी ओढली. "हे खरं निघालं तर तो अपघात नाही, खून आहे," ते म्हणाले. "मी त्याला बेड्या घालून अकोल्याला पाठवीन. पण तुझ्या तोंडच्या गोष्टीवर नाही. मला दाखव."

घरी आल्यावर पुंजाजी प्रयागबाईला म्हणाला, "देशमुख जाते आता." त्या रोजची भाकरी तिनं स्वतः त्याच्या ताटात वाढली. पुंजाजीनं ती कोरडीच खाल्ली.

देशमुखांनी कशालाच नाही म्हटलं नाही. "जंगलालाच विचारू, साहेब," ते म्हणाले. "पुंजाला बांग देऊ द्या. एक जरी कोंबडा बोलला, तरी भादव्यात बोलतो हे सिद्ध झालं. एकही नाही बोलला, तर मी मुकाट्यानं तुमच्या मागं चालत येतो. फक्त वेळ दुपारची ठेवा, त्या दिवशी दुपारच होती. आणि शेवटची बांग चंपत बसला होता तिथूनच होऊ द्या." फौजदारांना हे वाजवी वाटलं. पुंजाजीलाही वाटलं. बंदूकही बरोबर आणायचं ठरलं, कारण देशमुखांनी कुठं उभं राहून कसा बार टाकला तेही लिहून घ्यायचं होतं.

भादवा अजून सरला नव्हता. जंगल ओलं, झाडांवरून पाणी गळत होतं. फौजदार, एक शिपाई, दोन पंच, देशमुख आणि सगळ्यांच्या पुढं पुंजाजी. त्याला एकच काळजी होती. पुढचे दोन दात पडले होते, आणि वाईट बांग दिली तर म्हातारा मुद्दाम वाईट देतो असं म्हणतील. त्याला बांग चांगलीच द्यायची होती आणि ती वायाही जायला हवी होती.

टेकडीवर त्यानं पहिली बांग दिली. जंगल गप्प. या हद्दीत एक जुना कोंबडा होता, डाव्या पायाचं नख तुटलेला. पुंजाजीला खात्री होती की तो पन्नास पावलांवर घाणेरीखाली बसून ऐकतो आहे. त्यानं मनातल्या मनात त्याला हात जोडले, बोलू नको बावा. कोंबडा बोलला नाही.

मोहाच्या झाडाखाली दुसरी. तिथंही कुणी बोललं नाही. आता पंच एकमेकांकडं बघायला लागले. फौजदारांनी देशमुखांकडं पाहिलं, ते पाहणं सकाळचं नव्हतं. शिपायाच्या कमरेच्या बेड्या चालताना वाजत होत्या, आणि पुंजाजीला तो आवाज ऐकून पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. होय, बरं वाटलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिसरी जागा नाल्याच्या काठची. चंपतनं तोडलेल्या बांबूंचे बुंधे तिथं तसेच होते. फौजदार म्हणाले, "ही शेवटची. जोरात दे. आवाज चोरलास तर मला कळेल."

पुंजाजीनं ओंजळ तोंडाशी नेली. या जागेवर आपली बांग द्यायची नाही, पोराची द्यायची, असं त्याच्या मनात आलं. त्यानं डोळे मिटून बांग दिली, आणि ती संपल्यावर अगदी हळू, गळ्यातल्या गळ्यात, दोनदा कुक-कुक केलं. जन्मात जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. त्याला स्वतःलाच चंपत ऐकू आला.

साऱ्या जंगलाची त्याला आठवण होती. हद्दीहद्दीचे कोंबडे त्यानं मोजून ठेवले होते. नाल्यापलीकडं झोपडीच्या दारात बसलेल्या सुनेची मात्र त्याला आठवण राहिली नव्हती.

कुक, काया-काया, कुक. नाल्याकडून उत्तर आलं.

"बोलला की," फौजदार म्हणाले. पंचांनी माना हलवल्या. एक जण पुटपुटला, "अस्सल हाय."

पुंजाजीनं मात्र सुनेचा आवाज ओळखला. कोंबडा म्हणून गप्प राहावं, तर भादव्यात कोंबडा बोलतो हे कायम झालं. माणूस म्हणून सांगावं, तर माणसाच्या आवाजाला सगळे फसतात हे कायम झालं. दोन्हीकडून देशमुख सुटत होते. त्यानं मान वर केली तेव्हा देशमुख त्याच्याकडंच बघत होते, शांतपणे, आणि त्या नजरेवरून पुंजाजीला कळलं की दुपारची वेळ आणि ही जागा त्यांनी कशाला मागून घेतली होती. त्या दुपारी बार टाकण्याआधी अंजनाचं उत्तर त्यांनीही ऐकलं होतं.

उत्तर पुन्हा आलं, आता जवळून. नाल्याच्या काठची घाणेरी हलली.

"साहेब, हुकूम असेल तर पाडून दाखवतो," देशमुख म्हणाले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली. नळी बरोबर हलणाऱ्या झुडपावर होती. फौजदार झुडपाकडं बघत राहिले.

पुंजाजी धावला. साठ वर्षांचा माणूस धावला आणि दोन्ही हातांनी नळी धरून तिच्यावर पडला. "मारू नका," तो ओरडला. "मारू नका साहेब, तो कोंबडा नाई. ते माही सून हाय."

"सून?" फौजदार म्हणाले. "मग आवाज?"

"तिचाच हाय. चंपतनं शिकवला तिले."

देशमुखांनी बंदूक त्याच्या हातातून अलगद सोडवली, मधून उघडली आणि त्याच्यापुढं धरली. दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. "काडतुसं साहेबांनी सकाळीच काढून घेतली, पुंजा," ते म्हणाले. "तुले कोनी सांगतलं नाई काय?" मग ते फौजदारांकडं वळले. "तुम्ही ऐकलं, पंचांनी ऐकलं, सगळ्यांना कोंबडाच वाटला. मी तर त्या दिवशी एकटा होतो."

"त्याइले समजते साहेब," पुंजाजी म्हणाला. "भादव्यात नसते बोलत. त्याइले मालूम हाय. आता बी मालूम व्हतं."

फौजदारांनी नजर दुसरीकडं वळवली. "तू मला सांगून ठेवलंस की भादव्यात कोंबडा बोलत नाही," ते म्हणाले. "तरी आवाज आला तेव्हा मला कोंबडाच वाटला. मग याला वाटला नसेल, असं मी कोर्टात कोणत्या तोंडानं सांगू?" त्यांनी तिथंच तोडलेल्या बांबूंवर बसून कागद लिहिला. पुंजाजीनं अंगठा दिला. ओलाव्यानं शाई पसरली, म्हणून दुसऱ्यांदा दिला.

तेवढ्यात अंजना झुडपातून बाहेर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तिनं पदरही सावरला नाही. फौजदार, शिपाई, पंच, एकेकाचं तोंड पाहत ती पुढं आली आणि देशमुखांनाही ओलांडून गेली. बांबूंच्या बुंध्यांमागं कुणी नव्हतं.

"मामाजी, आवाज आलता," ती म्हणाली. "ते कुठं हायेत?"

कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा एकच होता. "तो मी व्हतो बाई," पुंजाजी म्हणाला. "आवाज म्या देल्ता."

अंजनानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पडलेल्या दातांकडं. तिला ते पटलं नाही. म्हाताऱ्याला तो शेवटचा कुक-कुक येत नाही, हे चंपतनं तिला कितीदा हसत सांगितलं होतं. भाकरी घेऊन ती तिथंच खाली बसली. तिला उठवून आणायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर ती कधी बांग द्यायची नाही, नुसती ऐकायची. आश्विन सरला, दिवाळी झाली. कोंबड्यांच्या गळ्यात पुन्हा ठिपके आले आणि एका पहाटे टेकडीवरून पहिली बांग आली. अंजना उठून दार उघडून गेली. नाल्यातलं पाणी थंड, गुडघ्यापर्यंत भिजून परत आली. दुसऱ्या पहाटे मोहाकडचा बोलला, तिसऱ्या पहाटे नाल्याकडचा. ती तिघांकडंही गेली. प्रयागबाईनं तिला बांधून ठेवलं तर रात्रभर दोरी चावत बसली. माहेरचे न्यायला आले, त्यांच्याबरोबर गेली नाही. "मले बलावून राह्यले," म्हणाली.

मग पुंजाजीनं घोड्याच्या शेपटीचे केस आणले आणि फासे वळले. त्याला बांग द्यायची गरज नव्हती. कोणता कोंबडा कोणत्या वाटेनं दाणे टिपायला उतरतो, कुठं धूळ अंगावर घेतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी नाल्याकडचा सापडला. मग मोहाकडचा. तुटक्या नखाचा जुना कोंबडा पंधरा दिवस हुलकावण्या देत राहिला, शेवटी तोही अडकला. पुंजाजी त्यांच्या माना पिरगाळायचा आणि पिरगाळताना दुसरीकडं बघायचा. एक दिवस देशमुख बांधावरून जाता जाता म्हणाले, "पुंजा, एखादा पाठव न वाड्यावर. बहुत दिवस झाले." बागेची जमीन देशमुखांची होती. पुंजाजीनं पाठवला.

तरी लांबचे कोंबडे मोकळ्या हद्दीत उतरायचे आणि बोलायचे. तो त्यांच्याही मागं लागला. वांगी किडली, मिरची वाळून गेली, त्यानं पाहिलं नाही. माघात एक पहाट पूर्ण गप्प गेली. मग दुसरी गेली. आठ दिवस झाले, एवढ्या जंगलातून एक आवाज आला नाही. अंजना दारात बसून होती, पण उठून जात नव्हती. पुंजाजीला वाटलं, सुटलो. त्या सकाळी त्यानं फासे चुलीत घातले आणि तिच्याजवळ येऊन बसला.

ती जंगलाकडं बघत होती. मग आपलं काही चुकलं असावं अशा आवाजात तिनं विचारलं, "मामाजी, आता बलावनं बंद काहून केलं त्याइनं?"